गाडीवरची चव घरी का उतरत नाही?

कोथरूडवासी
नमस्कार. यंदा कोजागिरीला दोन्ही घरची मंडळी आमच्याकडे जमणार आहेत. मसाला दुधाच्या आधी भेळ, बटाटेवडे आणि पाणीपुरी हे सगळे बाहेरून न मागवता घरीच करायचे, असे आम्ही ठरवले आहे. स्वयंपाकाचा मला कंटाळा नाही आणि साहित्यात मी हात आखडता घेत नाही, तरीही एक जुना प्रश्न सुटलेला नाही. घरचा वडा चांगला होतो, घरची भेळ सगळ्यांना आवडते, परंतु सारसबागेजवळच्या भेळेची किंवा शाळेबाहेरच्या गाडीवरच्या वड्याची जी चव जिभेला ठाऊक असते, ती त्यात उतरत नाही.

प्रत्येक गाडीवाल्याचा स्वतःचा एखादा मसाला असतो, तो त्याच्या घराबाहेर जात नाही आणि सगळा फरक त्या मसाल्यामुळेच पडतो, अशी माझी समजूत आहे. ती बरोबर आहे का? नसल्यास नेमके काय कमी पडते, हे कृपया अनुभवातून सांगावे. घटकांच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे मला त्या नकोत, कारणे हवी आहेत.

तळणीचा_झारा
तुमची समजूत निदान वड्याच्या बाबतीत मला पटत नाही. वड्याच्या सारणात आले, मिरची, लसूण, कोथिंबीर, हळद, हिंग आणि मोहरी यांच्यापलीकडे फारसे काही नसते. फरक बटाट्याच्या तापमानात आणि तेलाच्या प्रमाणात असतो.

गाडीवरचे बटाटे वडे तळण्याच्या कितीतरी आधी सालासकट उकडून, सोलून, पसरून ठेवलेले असतात. उकडलेला बटाटा पूर्ण थंड झाला की त्यातील पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि सारण चिकट न होता मोकळे राहते. घरी आपण कुकर उघडून गरम बटाटा किसणीवर किसतो किंवा रगडतो, त्यामुळे त्याचा गोळा गुळगुळीत आणि चिकट होतो. बटाटा थंड झाल्यावर हातानेच फोडावा आणि त्यात लहान लहान फोडी राहू द्याव्यात. सारण कोमट असतानाच वडा तेलात सोडला, तर आतल्या वाफेने आवरण फुटते आणि तेल आत शिरते.

दुसरी गोष्ट तेलाची. गाडीवरच्या मोठ्या कढईत इतके तेल असते की एका वेळी दहा-पंधरा वडे सोडले तरी ते फारसे निवत नाही. घरच्या लहान कढईत सात-आठ वडे एकदम सोडले की तेलाचे तापमान झपाट्याने उतरते, आवरण कुरकुरीत व्हायच्या आत तेल पिते आणि मऊ पडते. घरी तीन किंवा चार वडेच सोडावेत, ते काढल्यावर तेल पुन्हा तापू द्यावे आणि मगच पुढचे सोडावेत. तेल १७५ ते १८० अंशांच्या आसपास असावे. तापमापक नसेल, तर पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो तळाशी न रेंगाळता लगेच वर आला पाहिजे, पण वर येताच काळा पडता कामा नये.

पिठाविषयी थोडेसे. एक वाटी बेसनाला एक मोठा चमचा तांदळाचे पीठ आणि एक चमचा कडकडीत मोहन पुरे. सोडा चिमूटभरच घालावा आणि तोही तळायला घेताना, कारण आधी घातलेला सोडा वाट पाहण्यातच संपतो. जास्त झालेला सोडा लगेच ओळखू येतो, कारण त्याने आवरणातील हळद लालसर पडते, वडा तेल पितो आणि चवीला साबणासारखा लागतो.

शनिवारपेठी
झारा यांनी सांगितलेले तंत्र मान्य आहे, पण त्यांनी मसाल्याला फारच कमी लेखले आहे. वडा साध्या वाटणावर होतो, मिसळीचा कट होत नाही. कटाच्या मसाल्यात भाजलेले सुके खोबरे, गॅसवर काळा होईपर्यंत भाजलेला कांदा, धणे, तीळ आणि दोन-तीन प्रकारच्या मिरच्या यांचे प्रमाण थोडे जरी हलले, तरी सगळा कट बदलतो.

रास्ता_पेठ
वड्याच्या सारणात साखर आणि लिंबू घालायचे की नाही, हे आधी ठरवा. त्याशिवाय हा धागा पुढे सरकणार नाही.

दादरहून_आलेली
रास्ता पेठ यांनी विषय काढलाच आहे, तर सांगते. मी मुंबईत वाढले आणि लग्नानंतर पुण्यात आले. वडापावाची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी केली असे मानले जाते. त्या परंपरेतील वड्याच्या सारणात लसूण पुढे असतो आणि पावाला लाल, कोरडी लसणीची चटणी लावलेली असते. पुण्यातील कित्येक घरांत मात्र बटाटेवडा पावाविना, ताटलीत चटणीसोबत खाल्ला जातो. त्यात आले, लिंबू आणि चवीपुरती साखर असते आणि लसूण कधी कधी नसतोही. वडा पावात घालून खायचा असेल, तर लसूण आणि तिखट हवेच, कारण पाव त्यांची धार कमी करतो. नुसता खायचा असेल, तर लिंबू-साखरेचा वडा अधिक चांगला लागतो. एकाच सारणाने दोन्ही साधायला गेले की दोन्ही फिके पडतात.

पहाटपाळी
मी बराच काळ येथे फक्त वाचत होते, पण या प्रश्नावर लिहायला हवे असे वाटले. माझ्या आईवडिलांची उपनगरात भेळ आणि पाणीपुरीची गाडी होती आणि आमचे शिक्षण तिच्यावरच झाले. कोथरूडवासीताई, घराबाहेर न जाणारा मसाला आमच्याकडे नव्हता. वडील मसाल्याचे साहित्य बाजारात उघडपणे घेत असत आणि विचारणाऱ्याला प्रमाणही सांगत असत.

लोकांना गाडीवर संध्याकाळचे चार तास दिसतात. त्यामागची सकाळ दिसत नाही. पांढरा वाटाणा आदल्या रात्री भिजत पडे. पहाटे बटाटे उकडायला लागत. चिंच कोळून, गूळ आणि खजूर घालून आटवलेली चटणी दोन दिवसांची एकदम होत असे, पण पुदिन्याची हिरवी चटणी मात्र रोज दुपारी ताजी वाटली जाई. कांदा सगळ्यात शेवटी, गाडी लावल्यानंतर चिरायचा, कारण आधी चिरून ठेवलेल्या कांद्याला उग्र वास सुटतो. सगळे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत, प्रत्येकात मीठ आणि आंबटपणा स्वतंत्रपणे बेतलेला. गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावरच ते एकत्र येत आणि अर्ध्या मिनिटात त्याच्या हातात जात.

घरी भेळ एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी एकदम कालवली जाते आणि वाट्या भरून शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेस्तोवर कुरमुरे मऊ पडलेले असतात. तुमची चव हरवते ती तेथे. आईने कधीही दोन प्लेटच्या वर भेळ एका वेळी कालवली नाही, समोर कितीही गर्दी असली तरी.

तळणीचा_झारा
पहाटपाळी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. प्रत्येक भांड्यात मीठ आणि आंबटपणा स्वतंत्रपणे बेतायचा, हा मुद्दा फार मोलाचा आहे. घरी आपण बटाटा आणि रगडा बिनमिठाचे ठेवतो आणि चटण्या सगळे सांभाळून घेतील असे धरून चालतो. म्हणून एक घास झणझणीत आणि पुढचा घास सपक लागतो.

औंधकर
चर्चा चांगली चालली आहे, तरी घरी करण्यामागचे मूळ कारण कोणी मांडले नाही म्हणून लिहितो. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारी द्रव्ये, वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल वापरू नये, असा देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. प्रत्यक्षात हे रोज गाडीवर कोण मोजणार? वर्तमानपत्राच्या कागदात तेलकट पदार्थ बांधून देऊ नयेत, असेही याच प्राधिकरणाने वारंवार बजावले आहे, कारण शाई पदार्थात उतरते. घरी केलेल्या वड्यात हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत. मग चव एक-दोन आणे कमी असली, तरी मी ती आनंदाने स्वीकारतो.

पहाटपाळी
औंधकर काका, तुमची काळजी रास्त आहे आणि तसे तेल वापरणाऱ्या गाड्या आहेत, हे मी नाकारणार नाही. पण घरातही उरलेले तळणीचे तेल बरणीत भरून पुढच्या सणापर्यंत ठेवले जाते आणि पुन्हा तापवले जाते. तेल गाळून, फार तर भाजी-आमटीच्या फोडणीला लवकर संपवावे आणि तळणीसाठी पुन्हा वापरू नये, हे घरालाही लागू आहे.

सिंहगड_रस्ता
आमच्या भागासाठी हा प्रश्न निव्वळ चवीचा उरलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात, विशेषतः नांदेड गाव आणि किरकटवाडीच्या बाजूला, जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण आढळू लागले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू सापडला, दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले आणि पाणी उकळून प्यावे असे आवाहन करण्यात आले. तेव्हापासून आमच्या घरात पाणीपुरीचे पाणी घरीच होते आणि ते उकळून थंड केलेल्या पाण्याचेच असते. बर्फही त्याच पाण्याचा लावतो, कारण बाहेरून आणलेल्या बर्फाने उकळण्याचा सगळा उपयोग वाया जातो.

चवीविषयी तीन गोष्टी सांगते. पुदिना आणि कोथिंबीर वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे खडे घालावेत, म्हणजे मिक्सरच्या उष्णतेने पाला काळवंडत नाही. काळे मीठ शेवटी घालावे, कारण त्याचा जो खास वास आपल्याला पाणीपुरीत हवा असतो तो गंधकाच्या संयुगांचा असतो आणि ती लवकर उडून जातात. आणि पाण्याची चव पूर्ण गार झाल्यावरच पाहावी. कोमट असताना बरोबर वाटलेला गोडवा गार पाण्यात जाणवेनासा होतो आणि मग पाणी नुसतेच आंबट-तिखट लागते.

पुऱ्यांच्या बाबतीत मी हट्ट सोडून देण्याच्या मताची आहे. बारीक रवा, थोडा मैदा, घट्ट मळलेले पीठ, अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरवणे, एकसारखे पातळ लाटणे, तेलात झाऱ्याने दाबून फुगवणे आणि मग आच कमी करून आतली ओल जाईपर्यंत तळणे, एवढे सगळे पंधरा माणसांसाठी करण्यात संध्याकाळ संपून जाते. पुऱ्या विश्वासाच्या दुकानातून आणाव्यात. पुरीला स्वतःची चव नसते, तिने फक्त कुरकुरीत राहायचे असते.

रास्ता_पेठ
शेवटच्या वाक्याबद्दल निषेध नोंदवतो. ताज्या तळलेल्या पुरीला रव्याचा खरपूस स्वाद असतो आणि तो पाकिटातल्या पुरीत मिळत नाही.

सिंहगड_रस्ता
निषेध मान्य. न फुगलेल्या पुऱ्या मात्र माझ्याकडे पाठवाव्यात. त्यांची शेव-बटाटा-दही-पुरी उत्तम होते.

फर्ग्युसनचा_कट्टा
शेव-बटाटा-दही-पुरीचे नाव निघाले म्हणून लिहितो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीमुळे पुण्यात ती एसपीडीपी म्हणूनच ओळखली जाते आणि बाहेरगावी गेलेला पुणेकर जे पदार्थ घरी करून पाहतो, त्यांत तिचा क्रमांक बराच वर लागतो. घरी ती हमखास बिघडते ती दह्यामुळे. फ्रिजमधले आंबट, पाणी सुटलेले दही पुरीवर घातले की पुरी मिनिटभरात भिजते. ताजे, गोडसर दही अर्धा तास फडक्यात टांगून ठेवावे, मग घोटून त्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालावे. ते वाहता कामा नये, पण चमच्याने सहज पसरले पाहिजे. वरची शेव अगदी बारीक हवी आणि ती पुरी झाकून टाकेल एवढी हवी.

हिरवा_रस्सा
शनिवारपेठी यांनी मिसळीचा विषय काढून अर्धवट सोडला आहे आणि पुण्यातल्या चर्चेत तसे होऊ देणे बरे नाही. पुण्याची मिसळ एक नाही. फडके हौदाजवळच्या वैद्य उपाहारगृहाचा रस्सा हिरवा असतो, बेडेकरांचा किंचित गोडसर असतो, तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनाची वेगळी तऱ्हा आहे आणि कर्वे रस्त्यावरच्या काटा किर्रचे नावच तिखटपणा सांगते. या सगळ्या ठिकाणांचा मसाला एकच असता, तर मी शनिवारपेठी यांच्या विरोधात उभा राहिलो असतो. मिसळीत मसाल्याचे महत्त्व आहेच.

मात्र लाल कट करताना लोक तर्रीसाठी वरून तेल ओततात आणि तरीही रंग येत नाही, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नव्हे. तेल तापवून आच बंद करावी, मिनिटभराने त्यात ब्याडगीचे तिखट आणि मसाला घालून परतावा, लगेच वाटण घालून पुन्हा मंद आचेवर तेल सुटेपर्यंत थांबावे आणि मग उकळतेच पाणी घालावे. पुढे झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटे उकळू दिले की तर्री आपोआप वर येते. ताटली भरताना पोहे, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, फरसाण, शेव आणि कांदा असा थर लावावा व कट अगदी शेवटी, टेबलावर घालावा. येथेही पहाटपाळी यांचेच म्हणणे लागू पडते.

दादरहून_आलेली
आणि सोबत पाव.

हिरवा_रस्सा
ताई, जुन्या पुणेरी उपाहारगृहांत मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात आणि त्यामागे कारण आहे. स्लाइस पातळ असल्याने रस्सा लगेच शोषतो आणि मिसळीची चव झाकत नाही. लादी पाव पोट भरतो, हे मान्य.

भुजचा_पाहुणा
माझे कुटुंब कच्छमधून येऊन पुण्यात स्थिरावले आहे, म्हणून दाबेलीबद्दल थोडे लिहितो. दाबेली मूळची कच्छमधल्या मांडवीची. घरी करताना बहुतेक जण तिचे सारण वड्याच्या सारणासारखे कोरडे ठेवतात. ते तसे नसते. दाबेलीचा मसाला तेलात परतून, त्यात चिंच-खजुराची चटणी आणि थोडे पाणी घालून मग कुस्करलेला बटाटा घातला जातो आणि सारण थाळीत ओलसर, चमकदार पसरले जाते. त्यावर डाळिंबाचे दाणे, खोबरे आणि कोथिंबीर. मसाला शेंगदाणे आणि शेव पाव भरताना घालतात, आधी घातल्यास ते मऊ होतात. या पदार्थात मसाला विकतचा आणला तरी चालतो, शेंगदाणे मात्र घरी करावेत.

कोथरूडवासी
सर्वांचे मनापासून आभार. मी गेले दोन दिवस हे सगळे वहीत उतरवून घेत आहे. मसाल्याबद्दलची माझी समजूत मिसळीपुरती खरी आणि बाकी ठिकाणी चुकीची होती असे दिसते. वडे तीन-तीन करून तळायचे, पुऱ्या विकतच्या आणि पाणी घरचे, हे पक्के केले आहे. फक्त भेळेची अडचण आहे. पंधरा माणसांना दोन-दोन प्लेट करून भेळ देत बसले, तर मी स्वतः गप्पांत कधी बसणार? शिवाय कोजागिरीला कैरी मिळत नाही आणि गच्चीवरच्या हवेत कुरमुरे लगेच सादळतात.

पहाटपाळी
ताई, गच्चीवर एक टेबल मांडा आणि प्रत्येकाला स्वतःची भेळ स्वतः कालवू द्या. मुलांना हे काम फार आवडते. कुरमुरे संध्याकाळी कढईत मंद आचेवर कोरडेच परतून घ्या, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा आणि डबा टेबलावर झाकलेलाच ठेवा. गरम असताना झाकण लावले, तर आतल्या वाफेनेच ते मऊ होतील. कैरीऐवजी लिंबू पुरेसे आहे, पण ते चटणीत न पिळता प्रत्येकाने आपल्या वाटीत पिळावे.

चिंचेच्या चटणीला एक वाटी बिया काढलेली चिंच, एक वाटी खजूर आणि एक वाटी गूळ घ्या. शिजवून, वाटून, गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी सुंठ, तिखट आणि काळे मीठ घाला. ती आदल्या दिवशीच करा, मुरल्यावर अधिक चांगली लागते. चटणी चमच्यावरून धारेने पडेल एवढीच पातळ ठेवा, कारण पाण्यासारखी चटणी कुरमुऱ्यांना आधी भिजवते आणि चव मागाहून देते.

कालवण्याचा क्रम कागदावर लिहून टेबलावर लावा. आधी कुरमुरे, फरसाण आणि बटाटा, मग कांदा, टोमॅटो व हिरवी मिरची, मग गोड चटणी आणि तिच्या निम्मी हिरवी चटणी. दहा-बारा वेळा खालीवर हलवून वर शेव, कोथिंबीर आणि लिंबू. कोणाला मटकी भेळ हवी असेल, तर मोड आलेली मटकी मीठ-हळद घालून अर्धवट वाफवून, पाणी निथळून वेगळ्या भांड्यात ठेवा.

रास्ता_पेठ
कांदा कधी चिरायचा, हे विचारायचे राहिले आहे.

पहाटपाळी
पाहुणे जिना चढू लागल्यावर. आणि तो बारीकच हवा, जाड चिरलेला कांदा भेळेत वेगळा पडतो.

कोथरूडवासी
कांद्याचे काम भावाकडे सोपवले आहे आणि सुरीला धारही लावून घेतली आहे. पुदिन्यासाठीचे पाणी आजच उकळून बर्फाला लावते. कोजागिरी झाल्यावर कशाला किती साहित्य लागले, त्याचा हिशेब येथेच लिहीन.